कायद्याला न दिसणाऱ्या दोन गाड्या

हिंगणघाटात माझं पंखे, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. म्हणजे विजेशी माझी रोजची उठबस. तरीही वीज वाचवायची म्हणून मी एकदा भर रस्त्यावर जे केलं, ते दुकानात कोणी निवांत बसलं की मलाच सांगावं लागतं. मी नाही सांगितलं तर माझी बायको सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी जरा जास्तच मूर्ख ठरतो. माझ्या सांगण्यात मी बेताचा मूर्ख आहे.

सुरुवात चौकात झाली. मी मोटरसायकलवर होतो, मागे गिऱ्हाइकाचा टेबलफॅन बांधलेला आणि डोक्यावर काही नाही. हवालदारांनी हात केला. मी थांबलो. त्याच वेळी शेजारून एक ट्रॅक्टर गेला. त्याच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीला मागे दिवा नाही, आणि वर कापसाच्या गाठोड्यांवर वेचणाऱ्या बाया बसलेल्या. त्यातली एक तर छान झोपली होती. हवालदारांनी ट्रॅक्टरला दुसऱ्या हाताने वाट करून दिली.

"साहेब, अन् त्या बाया?" मी म्हटलं.

"त्याहिच्या डोक्यावर पदर हाये," हवालदार म्हणाले. "तुमच्या डोक्यावर काय हाये?"

तेवढ्यात एक ऑटो गेला. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. "त्याले हेल्मेट नाई लागत?"

"त्याले तीन चाकं असते."

"मंग?"

"दोन चाकाले हेल्मेट. चार चाकाले पट्टा."

"अन् तीनले?"

माणूस सज्जन होता. त्यांनी खरोखर विचार केला. मग पावती फाडत म्हणाले, "तीनचं वरून काई आलं नाई अजून."

मी चालान भरलं आणि घरी आलो, पण त्या दिवसापासून माझी नजरच बदलली. रस्त्यावर मला गाड्या दिसेनात, कायदे दिसायला लागले. मोटारीत पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाला पट्टा हवा, पण समुद्रपूरच्या एसटीत दाटीवाटीने उभं राहणाऱ्याला फक्त वरचा दांडा पुरे. मोटरसायकलला मागचा लाल दिवा नसला तर गुन्हा, पण बैलबंडी अमावास्येच्या अंधारात काळं घोंगडं पांघरून निघाली तरी तिला विचारणारा कोणी नाही. हे सगळं मी रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बायकोला समजावून सांगायचो. ती पोळ्या लाटत ऐकायची.

"अजी, एक सांगा," ती एकदा म्हणाली. "तुमी कायद्यातल्या चुका काढून राह्यले, का हेल्मेट न घालाचं कारन शोधून राह्यले?"

मी म्हटलं, "दोन्ही."

हेल्मेटशी माझं वैर का, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. डोक्यात घातलं की मला माझाच श्वास ऐकू येतो, आणि तो ऐकण्यासारखा नाही.

अशात मला बॅटरीच्या स्कूटरचा शोध लागला. विकणाऱ्याने सांगितलं, ही इतकी हळू चालते की कायदा हिला मोटारगाडीत धरतच नाही. लायसन नको, नंबर नको, हेल्मेट नको. मी त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. कानाला फार गोड लागलं. कायद्याच्या हिशेबात ती गाडीच नव्हती. मग तिच्यावर बसून रस्त्याने जाणारा मी नेमकं काय करत असेन, हे मी त्याला विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी मी ती घेऊन त्याच चौकात गेलो. उघड्या डोक्याने. हवालदारांनी सवयीने हात वर केला, गाडीला नंबर नाही हे पाहिलं आणि हात खाली घेतला. "जा बाप्पा," म्हणाले. मी मुद्दाम चौकाला आणखी एक चक्कर मारली. त्या चकरेत एक शाळकरी मुलगी सायकलवर घंटी वाजवत मला ओलांडून गेली, पण माझ्या विजयाला त्याने बाधा आली नाही.

बायकोला हे सांगितलं तेव्हा तिने लाटणं खाली ठेवलं. "कायद्याले तुमचं डोकं दिसत नसन," ती म्हणाली, "मले दिसते."

तिला एकटं माझंच डोकं दिसत असतं तर गोष्ट वेगळी. तिला तिच्या वडिलांची बंडीही दिसायची. माझं सासर अल्लीपूरच्या रस्त्यावर आत वळून एका गावात आहे. गावात घरोघर ट्रॅक्टर आले, पण सासऱ्यांनी बैल विकले नाहीत. बंडीला चाकं रबरी टायरची, त्यामुळे ती आवाज न करता चालते. शेत डांबरी रस्त्याच्या पल्याड, म्हणून रोज दिवेलागणीला ही बंडी मोठ्या रस्त्याने घरी येणार. मागे दिवा नाही, लाल कपडा नाही, चमकणारी पट्टी नाही. कायद्याने मागितलंच नाही तर माणूस कशाला लावेल.

"नवरा उघड्या डोक्याचा अन् बाप बिनदिव्याचा," बायको म्हणायची. "दोघंई एकाच रस्त्यानं येते-जाते. संध्याकाळी फोन वाजला का मले वाटते, आता कोनाचं सांगते."

हे ती हसत सांगायची नाही.

आता सासऱ्यांचा एक कायदा सांगितला पाहिजे, कारण तो सरकारी कायद्यापेक्षा पक्का आहे. जावयाला कडू शब्द बोलायचा नाही. मी त्यांच्या दारात गेलो की पाय धुवायला पाणी, बसायला खाटेवर सतरंजी, आणि मी जे बोलेन त्याला "हो, जवाईबापू". माझं वय वाढलं, पोट वाढलं, पण त्यांचं "तुमी" कधी सुटलं नाही. याचा अर्थ त्यांना माझ्याबद्दल मतं नव्हती असा नाही. भरपूर होती. ती सगळी ते बैलाला सांगायचे.

लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मोटरसायकल नेमकी बैल बांधायच्या जागी उभी केली. सासरे बाहेर आले, माझ्याकडे पाहून हात जोडले, आणि तांबड्या बैलाच्या कानाशी जाऊन म्हणाले, "काऊन रे, अक्कल इकून खाल्ली का? दुसऱ्याच्या जागी जाऊन उभा राह्यते." बैल आपल्या जागेच्या बाहेर, उन्हात उभा होता. मला कितीतरी वर्षं वाटायचं, हा तांबडा बैल फार मठ्ठ असावा, बिचाऱ्या म्हाताऱ्याला त्याच्या मागे केवढं बोलावं लागतं. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. सासरे म्हणाले, "हो, जवाईबापू." बायको पदर तोंडात कोंबून आत पळाली. तेव्हा कुठे मला उमगलं.

तर पोळ्याला आम्ही गेलो होतो. बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, आणि पुरणाचा घास आधी त्यांना. जेवण झाल्यावर मी खाटेवर बसून बंडीचा विषय काढला. मी म्हटलं, "मामाजी, बंडीले मांगून रेडियम लावून घ्या. गाड्या लय जोरात येते आता." रेडियम म्हणजे ती उजेड पडला की चमकणारी पट्टी. ट्रकच्या मागे असते ती.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे. त्यांना काहीतरी बोलायचं होतं हे दिसत होतं. पण पोळ्याच्या दिवशी बैलाला कोणी रागे भरत नाही. जावयालाही नाही. त्यांची पुरती अडचण झाली. त्यांनी अंगणभर नजर फिरवली, आणि दारात माझी स्कूटर उभी होती तिच्यासमोर जाऊन कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काऊन वो बाई," ते स्कूटरला म्हणाले, "तुह्यावर बसनारा उघडं डोकं घेऊन फिरते, काहून का तुले कायदा नाई. मंग माह्या बंडीले तरी कुठं कायदा हाये? तिनं काऊन टिकली लावाव?"

बायको ओट्यावर बसून सुपारी कातरत होती. तिने तिथूनच निकाल दिला.

"बाबा, तुमी बंडीले रेडियम लावसान. अन् हे त्या खेळन्यावर बसतानी हेल्मेट घालतीन. रेडियम हेच आनून देतीन. दोघाईले मंजूर?"

"हो," सासरे म्हणाले, स्कूटरकडे पाहत.

"हो," मीही म्हणालो, बैलाकडे पाहत.

रेडियमचं दुकान माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या दुकानदाराबरोबर मी रोज चहा पितो. चहाच्या वेळी आम्ही देशातल्या बहुतेक प्रश्नांवर बोललो, पण रेडियम मला कधीच आठवलं नाही. आठवायचं ते थेट सासरी पोचल्यावर, पाय धुताना. पोळा गेला, दिवाळी गेली, कापूस वेचून झाला. बायकोने आधी दर खेपेला विचारलं, मग विचारणं सोडलं. एका खेपेला ती माहेरी जाताना कपाटातला काही जुना पसारा पिशवीत भरून घेऊन गेली. काय आहे म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "तुमी दुरुस्त न केलेल्या वस्तू." दुरुस्तीवाल्याच्या घरात अशा वस्तू पुष्कळ असतात, त्यामुळे मी पुढे चौकशी केली नाही.

हेल्मेटच्या बाजूने मात्र तिने बंदोबस्त केला. स्कूटरची चावी ती हेल्मेटच्या पोटात ठेवू लागली. चावी हवी तर हेल्मेट हातात घ्यावंच लागे, आणि हातात घेतलं की ती दारात उभी राहून डोक्यात जाईपर्यंत पाहत असे. मी घालायचो. गल्लीचं वळण आलं की काढून हँडलला अडकवायचो. असा दोघांचाही मान राहत होता.

आता तो दिवस. कापसाचा हंगाम संपला होता आणि शेतातल्या पऱ्हाट्या उपटणं चाललं होतं. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड. चुलीला फार चांगलं. बंडीत भरली की ती मागून इतकी बाहेर येते की बंडी अर्धी आणि पऱ्हाटी दीड. बायको सकाळीच एसटीने माहेरी गेली होती. सासऱ्यांच्या विहिरीवरची मोटर नुसती गुणगुणायची, पाणी ओढत नव्हती. मी दुकान आटोपून संध्याकाळी यायचं, रात्री राहायचं आणि सकाळी मोटर पाहायची असं ठरलं होतं.

दिवसभर मी त्याच स्कूटरवर गावात पंखे पोचवत फिरलो होतो. चार्ज करायचं राहिलं. अल्लीपूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य बुडाला होता आणि बॅटरीच्या खुणेतली शेवटची काडी लुकलुकत होती. मी विचार केला. विचार करतो तेव्हाच माझं चुकतं. म्हटलं, उजेड अजून थोडा आहे, दिवा बंद करू. दिव्याची वीज मोटरला मिळेल आणि आपण पोचू. आता, दिव्याला लागणारी वीज मोटरच्या मानाने काहीच नसते, हे कोणत्याही वायरमनला ठाऊक असतं. मला तर ठाऊक होतंच. दिवे बंद करून बिल कमी का येत नाही म्हणून विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हेच रोज समजावतो. तरी मी दिवा बंद केला.

मात्र त्याच वेळी एक चांगली गोष्ट घडली. डोळ्यांत चिलटं जायला लागली. नाल्याच्या आसपास त्या दिवसांत संध्याकाळी त्यांचे थवेच असतात. मी थांबलो, शिव्या दिल्या, आणि हँडलचं हेल्मेट काढून डोक्यात घातलं, काच खाली ओढली. कायद्यासाठी नाही, बायकोसाठी नाही, पोळ्याला दिलेल्या शब्दासाठी नाही. चिलटांसाठी. त्या चिलटांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते फेडायची सोय नाही.

अंधार चांगलाच दाटला. मी आपला श्वास ऐकत चाललो होतो. मागून एसटीचा भोंगा वाजला. मी नेहमीप्रमाणे डावीकडे सरकलो. आणि एसटीच्या दिव्यांचा झोत माझ्या खांद्यावरून पुढे पडला, तसा माझ्या अगदी नाकासमोर रंगांचा लोळ उठला. लाल, हिरवा, निळा, जांभळा. दोन गोल चकत्या हवेत झुलत होत्या आणि त्यांच्यावरून ते रंग गरगरत होते. मला पहिल्यांदा वाटलं, पुढे कोणाची वरात आहे.

मग वरातीच्या मागे पऱ्हाटीची टोकं दिसली. माझ्या छातीच्या उंचीवर, माझ्याकडे रोखलेली.

मी दोन्ही ब्रेक एकदम दाबले. स्कूटर आडवी झाली, मी तिच्यावरून सुटून रस्त्याच्या कडेला घसरत गेलो आणि माझं डोकं पुलाच्या कठड्यावर आपटलं. पितळी हंड्यावर वरवंटा पडावा तसा आवाज झाला. तो आवाज मी आतून ऐकला. एसटीच्या ड्रायव्हरला त्या चकत्या माझ्याही आधी दिसल्या असणार, कारण तोवर त्याने बस केव्हाच उजवीकडे काढली होती. दारात उभा असलेला कंडक्टर जाता जाता ओरडला, "घरून सांगून आला का बे?" आणि बस गेली.

पुढची बंडी थांबली. कोणीतरी उडी मारून उतरलं आणि हातातली तुतारी आपटत माझ्याकडे आलं. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर, म्हणजे हेल्मेटच्या काचेवर पडला.

"काऊन बे, डोये फुटले का तुये? दिवा लावाले काय बापाची जहागीर खर्च होते? आंधारात सापासारखा येऊन राह्यला मांगून. मराचं असन तं रेल्वेकडं जाय, माह्या बंडीत घुसून कायले मरतं? घरी बायको असन ना तुह्या? कोन्या शहाण्यानं पोरगी देल्ली तुले? मले भेटव त्याले एक डाव. मी इचारतो त्याले, का बावा, काय पाहून देल्ली."

आवाज ओळखीचा होता. इतका मोकळा मात्र मी तो कधीच ऐकला नव्हता. मी काच तशीच खाली ठेवून पडून राहिलो. एक तर हातपाय जागेवर आहेत का याचा अंदाज घेत होतो. दुसरं म्हणजे, इतक्या वर्षांचं साचलेलं ते बाहेर पडत होतं, त्याला मध्येच अडवणं मला बरं वाटेना.

"बोल ना बे आता. तोंडाले कुलूप लागलं का?"

आता इलाज नव्हता. मी उठून बसलो आणि हेल्मेट काढलं.

मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावरून जमिनीवर गेला. मग सासरे हळूच वळून बंडीपुढे गेले, तांबड्या बैलाच्या तोंडाशी उभे राहिले आणि म्हणाले, "काऊन रे, तुले काई कयते का? असं येते का कोनी? काई झालं असतं तं मी माह्या पोरीले काय तोंड दाखवलं असतं?"

बैलाने मान हलवली. मग ते परत आले, माझ्यासमोर बसले आणि माझे गुडघे, कोपरं, खांदे एकेक करून चाचपायला लागले. बैलाच्या पायात काटा शोधताना चाचपतात तसे. कोपर सोललं होतं, बाकी सगळं शाबूत होतं.

"हो, मामाजी," मी म्हणालो.

उभा राहिलो तेव्हा त्या चकत्या पाहिल्या. पऱ्हाटीच्या दोन टोकांना सुतळीने बांधलेल्या सीड्या. शेतात पाखरं उडवायला लोक जुन्या सीड्या टांगतात, तशा. मी एक हातात धरून उलटी केली. मागे काळ्या शाईत बायकोचं अक्षर होतं. लग्न, भाग दोन.

म्हणजे वरात होतीच. माझीच होती.

आमच्या लग्नाच्या सीड्या कपाटात पडून होत्या, कारण त्या लावायचं यंत्र बिघडलं होतं. ते यंत्र दुरुस्त करून देतो असं मी दर दिवाळीला म्हणायचो. यंत्र दुरुस्त झालं नाही, रेडियमही आणलं नाही, म्हणून बायकोने लग्नच माहेरी नेऊन बापाच्या बंडीला बांधलं. पहिला भाग हळदीचा आणि मंगलाष्टकांचा. दुसऱ्या भागात पंगत आहे, आणि शेवटी पोरगी गाडीत बसताना सासरे मांडवाच्या खांबाला धरून रडतात ते आहे. हे मी त्यांना त्या वेळी सांगितलं नाही. त्यांना बहुधा माहीत होतं.

स्कूटरचं हँडल वाकडं झालं होतं, ती चालवत नेण्याजोगी नव्हती. सासऱ्यांनी बंडीतला दोर काढला आणि स्कूटर मागे बांधली. मी तिच्यावर बसून हँडल आणि ब्रेक सांभाळायचं, बैलांनी ओढायचं. निघण्याआधी मी बॅटरी पाहिली. शेवटची काडी अजून लुकलुकत होती. मोटर ओढायला ती पुरणार नव्हती, पण दिवा लावायला भरपूर होती. मी दिवा लावला. मागे लाल उजेड पडला.

बंडी हलली. आणि मग माझ्या ध्यानात आलं की जिच्याकडे कायदा काही मागत नाही अशी बैलबंडी, आणि जिला कायदा गाडीच समजत नाही अशी माझी स्कूटर, दोघी मिळून आता एक अगदी रीतसर वाहन झालं होतं. मागे लाल दिवा होता, ब्रेक होता, चमकणाऱ्या चकत्या होत्या आणि चालकाच्या डोक्यावर हेल्मेटही होतं, कारण मी ते काढायला गेलो तेव्हा पुढून आवाज आला, "राहू द्या डोक्यावर, जवाईबापू."

आम्हाला मागून येणारी प्रत्येक गाडी आधीच हळू होत होती आणि लांबून वळसा घेऊन जात होती. एका मोटारवाल्याने काच खाली करून बराच वेळ पाहिलं. मी त्याला हात केला.

बायको दारात उभी होती. तिने आधी बैल पाहिले, मग बाप पाहिला, मग दोराच्या दुसऱ्या टोकाला मी. ती जवळ आली. माझ्या डोक्यातलं हेल्मेट तिनेच काढलं आणि उजेडात धरलं. एका बाजूने रंग पार खरवडून आतला पांढरा भाग दिसत होता. त्या ओरखड्यावरून तिने एकदा बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग हेल्मेट पदराखाली घेतलं.

"रेडियम आनलं का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

ती आत गेली आणि बैलांसाठी पाण्याची बादली घेऊन आली. माझं पाणी त्यानंतर आलं. क्रम योग्यच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटर दुरुस्त केली. एवढी एक गोष्ट त्या सगळ्यात मला नीट जमली. गावाहून परतल्यावर दुकान उघडायच्याही आधी रेडियमची गुंडाळी घेतली, आणि पुढच्या खेपेला सासऱ्यांच्या बंडीला मागून दोन्ही बाजूंनी लावली. त्यांनी लावू दिली, पण सीड्या काढू दिल्या नाहीत. नंतर गावातल्या दोघातिघांनी विचारलं. माझ्या दुकानात आता एक खोकं आहे. लोक आपल्या लग्नाच्या, बारशाच्या जुन्या सीड्या त्यात आणून टाकतात. मी त्यांना भोक पाडून सुतळी बांधून ठेवतो, आणि बंडीवाला कोणी आला की देतो. संध्याकाळी अल्लीपूरच्या रस्त्याने गेलं तर पुढे कुणाची तरी हळद चमकताना दिसते, कुणाचं बारसं.

कायदा होता तिथेच आहे. तीन चाकांचं अजून वरून काही आलेलं नाही. परवा चौकात हवालदारांनी मला स्कूटरवर हेल्मेट घातलेलं पाहिलं आणि हात केला. मी थांबलो.

"तुमाले नाई लागत ना हे," ते म्हणाले.

"माहीत हाये," मी म्हटलं. "घरच्या कायद्यानं लागते."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या घरीही तसा एखादा असावा.

सासरी मात्र एक फरक झाला. जावयाला कडू बोलायचं नाही हा नियम सासऱ्यांनी मोडलेला नाही. माझ्याशी "तुमी" तसंच आहे, खाटेवर सतरंजी तशीच आहे. पण त्या संध्याकाळी त्यांना एक वाट सापडली, आणि तांबड्या बैलाची सुटका झाली. गेल्या खेपेला मी विहिरीवरचा पाण्याचा पाइप उलटा जोडला आणि अर्धं शेत चिखल करून आलो. सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. मग खुंटीवरचं माझं हेल्मेट काढलं, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि अदबीने म्हणाले, "जवाईबापू, हे जरा घालता का? बोलाचं हाये."

मी घातलं आणि काच खाली ओढली.